जीप जुनी, इंजिन कुठलं?

दोस्तांनो, आज एका कोड्याने सुरुवात करू. समोर एक जुनी जीप उभी आहे. बॉनेट उघडायचं नाही, चावी फिरवायची नाही, मालकाला काही विचारायचं नाही. नुसतं बाहेरून बघून सांगायचं, की कारखान्यातून निघाली तेव्हा हिच्या पोटात कुठलं इंजिन असेल? जमेल का?

जमेल बरं का! त्यासाठी दोन डोळे आणि थोडासा इतिहास एवढंच लागतं. डोळे तुमच्याकडे आहेत. इतिहास आपण आता मिळवू.

कन्नड तालुक्यातलं पिशोर घ्या, नाहीतर आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, एसटी चुकली तर तुम्ही कशाने जायचात? उत्तर ठरलेलं असेल, ‘जीपने!’ बाजाराच्या पाट्या, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्यात न्यायचं आजारी माणूस, सगळ्यांना पोटात घेऊन जीप धावायची. पुढे काळी-पिवळी रंगवलेल्या जीपमध्ये तर माणसं आत किती आणि बाहेर लटकलेली किती, हे मोजायला वेगळा माणूस लागला असता!

मग या जीप थकल्या. काही भंगारात गेल्या. काही मात्र अजून कुणाच्या गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या असतात.

आता आपण मनातल्या मनात एक जीप तयार करू. समजा, पिशोरच्या एका घरी १९५१ सालची विलीस जीप आहे. पणजोबांनी घेतलेली, आजोबांनी चालवलेली. मधे केव्हातरी तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं गेलं. आता तेही बंद पडलंय. घरातल्या ताईने ठरवलं, ही जीप पुन्हा उभी करायची, अगदी १९५१ मध्ये होती तशी. रंग लावता येईल, सीट शिवून घेता येईल, टायर बदलता येतील. पण पहिलाच प्रश्न अडला : इंजिन कुठलं बसवायचं?

गंमत अशी, की हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत हजारो लोकांना पडतो. त्यांनी त्यावर एक छान नियम शोधून काढलाय. तो आधी बघू आणि मग आपल्या जीपकडे परत येऊ.

तारीख ठरवा, मग पाना उचला

अमेरिकेत ‘हॉट रॉड’ नावाचा एक मोटारींचा प्रकार आहे. जुनी, स्वस्तातली मोटार घ्यायची, तिचे मडगार्ड-बिडगार्ड काढून तिला हलकं करायचं, आत दमदार इंजिन घालायचं आणि पळवायची. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कोरड्या, सपाट तळ्यांवर तरुण पोरं अशा गाड्यांच्या शर्यती लावत. १९३७ मध्ये तर या शर्यतींसाठी त्यांची संघटनाही झाली. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं आणि सैन्यातून परतलेल्या तरुणांनी हा छंद आणखी वाढवला.

त्यांचं लाडकं इंजिन होतं फोर्डचं. १९३२ मध्ये फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडणाऱ्या मोटारीत आठ सिलिंडरांचं इंजिन घातलं. चार सिलिंडर एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे. ताकद ६५ अश्वशक्ती. आज तुम्हाला ती फार वाटणार नाही, पण फोर्डच्या आधीच्या मॉडेल-टी मोटारीची ताकद होती अवघी २० अश्वशक्ती!

पुढे १९५५ मध्ये शेवरोले कंपनीचं नवं आठ सिलिंडरांचं इंजिन आलं. ताकद १६२ अश्वशक्ती. मग काय, जुनं फोर्ड काढ आणि नवं शेवरोले घाल, असा सपाटाच सुरू झाला.

आता आजचा एखादा शौकीन जुन्या पद्धतीचा हॉट रॉड बनवायला बसला, तर त्याने इंजिन कुठलं घ्यावं? जास्त ताकदीचं? नाही. जाणकार त्याला आधी विचारतात, ‘तुझी गाडी कुठल्या सालची दिसायला हवी?’ तो म्हणाला १९४९, तर शेवरोलेचं ते इंजिन बाद. कारण १९४९ मधल्या पोराने कितीही पैसे ओतले असते, तरी १९५५ चं इंजिन त्याला मिळालं असतं का? ते जन्मालाच आलं नव्हतं! पण तो म्हणाला १९५७, तर तेच इंजिन एकदम योग्य.

लक्षात आलं? इंजिन चांगलं की वाईट, हा प्रश्नच नाही. एकच इंजिन एका गाडीत शोभतं आणि दुसरीत खोटं ठरतं. शिवाजी महाराजांवरच्या नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर तुम्ही हसाल ना? घड्याळ कितीही भारी असलं तरी हसाल. तसंच हे.

एकच माप, दोन इंजिनं

चला, पिशोरला परत. आपल्या जीपचं साल १९५१. त्या वेळी जीपमध्ये काय होतं?

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकेच्या विलीस कंपनीने १९४१ पासून सैन्यासाठी ‘एमबी’ जीप बनवली. मागणी इतकी प्रचंड होती, की त्याच आराखड्यावर फोर्डनेही जीप बनवल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांवर जीप तयार झाल्या. युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी आणि सामान्य लोकांसाठी जीप निघाली. भारतात मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीस जीप जोडायचं काम हाती घेतलं आणि जीप आपल्या खेड्यापाड्यांत पोचली.

या सुरुवातीच्या जीपमधलं इंजिन म्हणजे ‘गो-डेव्हिल’. चार सिलिंडर, ६० अश्वशक्ती. त्याचे व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, सिलिंडरच्या शेजारी, खालच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या असत. त्यामुळे वरचं हेड म्हणजे डब्याचं चपटं झाकणच जणू. त्यावर स्पार्क प्लग ओळीने उभे. फोर्डचं ते आठ सिलिंडरांचं इंजिनही असंच शेजारी झडपांचं, म्हणजे हॉट रॉडचं आणि आपल्या जीपचं लांबचं नातं निघालं म्हणायचं!

पण या रचनेत एक अडचण होती. मिश्रणाला बाजूने येऊन वळण घेत सिलिंडरमध्ये शिरावं लागे. इंजिनाला पुरेसा श्वासच घेता येत नसे. म्हणून विलीसने त्याच इंजिनात सुधारणा केली. धुराची झडप खाली ठेवली आणि मिश्रण आत घेणारी झडप मोठी करून वर हेडमध्ये नेली. या इंजिनाचं नाव ‘हरिकेन’. सिलिंडरांचं माप तेच, पण ताकद ६० वरून ७२ अश्वशक्ती. म्हणजे किती टक्के वाढ झाली? करा बरं हिशेब!

आता झडप वर गेली म्हणजे तिला उघडणारे दांडे आणि त्यांच्यावरचं झाकण हेही वर आलं. इंजिन उंच झालं. उंच इंजिन जुन्या सखल बॉनेटखाली मावेना. मग विलीसने काय केलं? बॉनेटच उंच केलं! ती १९५३ मध्ये आलेली ‘सीजे-३बी’ जीप. हीच जीप पुढे महिंद्रने भारतात वर्षानुवर्षं बनवली.

सुटलं का आपलं कोडं? जुनी विलीस जीप असेल आणि बॉनेट सखल असेल, तर मूळ इंजिन गो-डेव्हिल. पुढची जाळी उंच आणि बॉनेट खोक्यासारखं वर आलेलं असेल, तर हरिकेन. मात्र एक सावधगिरी हवी. महिंद्रने पुढे कारखान्यातूनच डिझेल जीपही काढल्या. म्हणून उंच बॉनेट दिसलं की लगेच पैज लावू नका. आधी आरसी बुकातलं साल आणि इंधन बघा.

हिशेब करून खात्री करा

गो-डेव्हिल आणि हरिकेन, दोघांचं माप २१९९ सीसी. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. भूमितीत दंडगोलाचं घनफळ काढता ना? मग इंजिनाचं मापही तुम्हीच काढू शकता.

सिलिंडरचा व्यास ७.९४ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ३.९७. पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर ११.११ सेंटिमीटर. आता ३.१४ × ३.९७ × ३.९७ × ११.११ करा. एका सिलिंडरचे सुमारे ५५० सीसी आले. त्याला चारने गुणा. झाले २२०० च्या जवळपास!

या आकड्यांत आणखी एक गोष्ट लपली आहे. व्यास आठ सेंटिमीटरही नाही, पण पिस्टनची धाव अकराच्या वर. म्हणजे सिलिंडर अरुंद आणि लांब. सायकलच्या पायडलची दांडी लांब असली की चढावर जोर चांगला लागतो, पण पाय भराभर फिरवता येत नाहीत. या इंजिनाचंही तसंच. ते फार वेगाने फिरत नाही, पण मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपासच त्याचा ओढण्याचा जोर सर्वांत जास्त असतो. शेताचा चढ असो की कन्नडचा औट्रम घाट, ते हळूहळू पण नेटाने चढतं. शेवरोलेचं १९५५ चं इंजिन बरोबर उलटं होतं. व्यास साडेनऊ सेंटिमीटर आणि धाव साडेसात. पळायला उत्तम. म्हणूनच शर्यतवाल्यांना ते आवडलं.

डिझेल कुठून आलं?

मग आजोबांनी गो-डेव्हिल काढून डिझेल का घातलं? त्यांना इतिहासाची किंमत नव्हती का? तसं मुळीच नाही. पोट भरायचं होतं! सरकारने बरीच वर्षं डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा बराच कमी ठेवला होता. शिवाय डिझेल इंजिन एका लिटरमध्ये जास्त अंतर कापतं. रोज प्रवासी वाहणाऱ्या जीपला यातून संसार चालवण्याइतका फरक पडायचा. म्हणून महाराष्ट्रभर गॅरेजांमधून पेट्रोल इंजिनं उतरली आणि डिझेल इंजिनं चढली. अमेरिकेतल्या पोरांनी वेगासाठी इंजिन बदललं, आपल्या लोकांनी मायलेजसाठी. पुढे पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि दोघांमधला फरक कमी झाला.

पण डिझेल फुकटात येत नाही. गो-डेव्हिलमध्ये मिश्रण साधारण साडेसहाव्या हिश्श्यापर्यंत दाबलं जातं. जुन्या डिझेल इंजिनात हवा साधारण विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबावी लागते. एवढा दाब सोसायला सगळे भाग जाडजूड लागतात. इंजिन जड होतं आणि हादरेही जास्त देतं. मग पुढचे पाटे बसतात, इंजिन धरून ठेवणारे रबरी माउंटिंग फाटतात. ज्या सांगाड्याची बांधणी हलक्या पेट्रोल इंजिनासाठी झाली, त्याच्यावर हा रोजचा बोजा पडतो.

ताईपुढचे तीन रस्ते

आता ताईपुढे तीन रस्ते आहेत. तुम्हीही तिच्याबरोबर विचार करा.

पहिला रस्ता, आहे तेच डिझेल दुरुस्त करणं. सर्वांत सोपं आणि ओळखीचं. पण मग ती १९५१ ची जीप नाही. ती आजोबांच्या कष्टाच्या दिवसांतली जीप. तीही खरीच आहे, पण मग तसंच सांगायला हवं. रंग आणि पाटी १९५१ ची आणि आवाज डिझेलचा, असं अर्धंमुर्धं नको.

दुसरा रस्ता, हरिकेन बसवणं. हा मोहाचा रस्ता. त्याच कुळातलं, जास्त ताकदीचं आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं. पण ते आलं १९५३ च्या जीपमधून आणि आपली जीप १९५१ ची. शिवाय सखल बॉनेट त्याच्यावर बसणारच नाही. बॉनेट तरी कापावं लागेल, नाहीतर उचलावं लागेल. बघा, आपल्यात काय शोभत नाही, ते जीप स्वतःच सांगते!

तिसरा रस्ता, गो-डेव्हिल शोधून ते नीट बांधणं. ताकद हरिकेनपेक्षा कमी, शोधाशोध सर्वांत जास्त. जुन्या गॅरेजांत विचारावं लागेल, भंगारच्या बाजारात फिरावं लागेल. सापडलंच तर ब्लॉकला तडा गेलाय का ते तपासावं लागेल. झिजलेले सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन बोअर करावे लागतील. लेथवाले ‘दहा थाऊ’, ‘वीस थाऊ’, ‘तीस थाऊ’ असं बोलतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तीस थाऊ बोअर मारला आणि तेवढे मोठे पिस्टन घातले, तर आपल्या २१९९ सीसीचे साधारण २२४० होतात.

तुम्ही म्हणाल, हा तर सर्वांत अवघड रस्ता! खरंय. पण ताईला जे करायचंय त्याला हाच जुळतो. हॉट रॉडवाल्यांचा नियम आठवा. १९५१ मध्ये या जीपमध्ये जे असू शकत होतं, तेच.

मग सगळंच जुनं ठेवायचं का? नाही. अंगावर बेतणाऱ्या बाबतीत हट्ट करायचा नाही. ब्रेक, टायर आणि दिवे धडधाकटच हवेत. पेट्रोलच्या नळ्यांचंही तसंच. आपल्या देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. उसापासूनही बनणारं हे इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. म्हणून नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा आजच्या इंधनाला चालणारा घालावा. रेडिएटरही आतून साफ करून घ्यावा, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पेट्रोलची नळी तापली की आत वाफेचा बुडबुडा अडकतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते.

आई-बाबा, हे तुमच्यासाठी

इंजिन बदलणं ही घरातल्या घरात उरकायची गोष्ट नाही. इंजिनाचा नंबर आरसी बुकात लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आरटीओ कार्यालयात जाऊन विचारावं.

आणखी एक. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये ठरवलं गेलं. ही गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही. पण मुख्य अट पुढेच आहे : सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे गोठ्यात पडलेलं जुनं इंजिन किलोच्या भावाने विकण्याआधी दोनदा विचार करा. वजनकाट्यावर चढलेलं इंजिन परत येत नाही.

आता तुमचं काम

दोस्तांनो, एक वही घ्या. तुमच्या गावातल्या जुन्या जीप शोधा. मालकांची परवानगी घेऊन प्रत्येकीचं साल, बॉनेट उंच की सखल, आरसी बुकातले सीसी आणि इंधन लिहून काढा. इंजिन बदललं असेल, तर कुठल्या साली आणि का बदललं, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारा. गॅरेजमधल्या चाचांना किंवा मामांनाही विचारा. त्यांच्या आठवणीत जे आहे, ते बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर नसतं.

इंजिन नंबर बघायचा असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या. इंजिन थंड असू द्या आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. युद्धातल्या जीपचं मूळ इंजिन असेल, तर नंबराच्या आधी विलीसची ‘एमबी’ किंवा फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरं ठोकलेली असतात. फोर्डच्या जीपमध्येही आराखडा गो-डेव्हिलचाच.

आणि हो, त्या टक्केवारीचं उत्तर काढलंत का? ६० वर १२ वाढले, म्हणजे २० टक्के. झडप मोठी करून वर नेली, त्याचा या कमाईत मोठा वाटा!